मालवाहू विमानाची कुंडली काढायची कशी: नोंदणी क्रमांकापासून भंगारापर्यंत

कार्गो विमानाचा फोटो पडला की खाली अर्ध्या तासात इतिहास येतो: "हे आधी अमक्या एअरलाइनचं होतं", "हे तीस वर्षं जुनंय", "हे तर कधीच स्क्रॅप झालंय". आणि त्यातलं निम्मं दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाचं असतं. प्रवासी विमानाच्या बाबतीत असा घोळ कमी होतो, कारण ते बऱ्याचदा एका-दोन कंपन्यांतच म्हातारं होतं. मालवाहू विमानाचं तसं नाही, ते बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षं लोकांना घेऊन उडतं, मग त्याच्या सीटा काढतात, दार कापतात, नाव बदलतं, देश बदलतो, रंग एकाचा, पायलट दुसऱ्याचे, मालक तिसराच, आणि आपण नुसतं गुगल करून पहिलं जे दिसेल ते लिहून मोकळे होतो.

खालचा क्रम पाळा. पायऱ्या उलटसुलट केल्यात तर चूक कुठे झाली ते नंतर शोधता येत नाही, सगळं परत करावं लागतं.

सुरुवातीची तयारी

एक साधी एक्सेल शीट किंवा वही. त्यात सुरुवातीला सहा रकाने (पुढे आणखी वाढतील): तारीख, काय घडलं, नोंदणी क्रमांक, चालवणारी कंपनी, माहिती कुठून मिळाली, खात्री किती. शेवटचे दोन रकाने लोक ठेवतच नाहीत आणि तिथेच फसतात, कारण महिन्याभराने "हे १९९८ कुठून आणलं आपण?" असा प्रश्न पडतो आणि उत्तर नसतं.

साईट म्हणाल तर तीन प्रकारच्या लागतात. एक, सरकारी रजिस्टर: भारताचं डीजीसीएचं, अमेरिकेचं एफएएचं, ब्रिटनचं जी-इन्फो. दोन, हौशी लोकांनी जमवलेला डेटा आणि फोटो: प्लेनस्पॉटर्स, जेटफोटोज वगैरे. तीन, ट्रॅकर: फ्लाइटरडार२४, एडीएसबी एक्सचेंज. तिन्हींचं काम वेगळं. रजिस्टर सांगतं कागदावर काय आहे, फोटो सांगतो त्या दिवशी प्रत्यक्ष काय होतं, ट्रॅकर सांगतो विमान कुठे उडालं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकू नका.

१. आधी कामाचा फोटो

स्वतः फोटो काढणार असाल तर डावी बाजू मिळवा. फ्रेटरचं, म्हणजे मालवाहू विमानाचं, मोठं माल चढवायचं दार जवळजवळ सगळ्या नेहमीच्या जेटना डावीकडे असतं: बोइंगच्या ७३७, ७५७, ७६७ आणि एअरबसच्या ए३२१ला पंखाच्या पुढे, बोइंगच्याच ७४७ आणि ७७७ला पंखाच्या मागे. मुंबईत मुख्य धावपट्टीवर घाटकोपर-कुर्ला बाजूने उतरणारं विमान पश्चिमेला तोंड करून येतं, म्हणजे त्याची डावी बाजू दक्षिणेला. तेव्हा वाटेच्या दक्षिणेला उभं राहा, दारही दिसतं आणि बरंच वर्षभर ऊनही त्याच बाजूला असतं.

एक फोटो पूर्ण विमानाचा, एक मागच्या भागाचा जिथे नोंदणी क्रमांक असतो, आणि जमलं तर एक नाकाचा, पुढच्या चाकांसकट. चाकाच्या झाकणावर बऱ्याचदा क्रमांकाची शेवटची अक्षरं परत लिहिलेली असतात, पडताळणीला बरं पडतं.

सावधान: पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्यातलं दाबोळी नौदलाचं. तिथे कुंपणाशी लेन्स घेऊन उभं राहू नका आणि विमानाच्या खिडकीतूनही फोटो काढू नका. "मी तर नुसतं कार्गो विमान काढत होतो" हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

२. हे खरंच फ्रेटर आहे का, आणि जन्मापासून आहे की नंतर झालंय

ही पायरी लोक उडवतात आणि मग पुढचं सगळं चुकतं. खिडक्या नाहीत म्हणजे फ्रेटर, हे ढोबळमानाने बरोबर आहे, पण ७३७-३००क्यूसी नावाची विमानं होती, क्यूसी म्हणजे क्विक चेंज, त्यांना खिडक्याही असतात आणि मोठं दारही, दिवसा माणसं आणि रात्री माल. मग कॉम्बी असतात, पुढे प्रवासी मागे माल. आणि एप्रिल २०२०मध्ये स्पाइसजेटने दिल्ली-चेन्नई सीटांवर खोकी बांधून नेली तशी विमानं, ती फ्रेटर नव्हेतच, मोठं दार नाही, जमिनीला रोलर नाहीत, माल हाताने आत न्यायचा. त्या काळातले फोटो बघून "कार्गोमध्ये रूपांतर झालं" असं लिहिलेलं खूप सापडतं, तिथे काही रूपांतर झालेलं नसतं.

आता कारखान्यातून फ्रेटर म्हणून निघालेलं आणि नंतर केलेलं, यातला फरक प्रकाराप्रकाराने बघावा लागतो:

७४७-४००: सर्वात सोपं. मूळ फ्रेटरचं वरचं कुबड आखूड असतं आणि नाक वर उचलून उघडतं. प्रवासी विमानाचं नंतर केलेलं असेल तर कुबड लांब, आणि नाक उघडत नाही. नाकातून लांबलचक पाईप, ड्रिलिंगचं सामान सरळ आत जातं, ते काम नंतर केलेल्या ७४७ला मिळत नाही, म्हणजे याच्यावरून त्या विमानाने आयुष्यभर कसला माल वाहिला असेल याचाही अंदाज येतो.

ए३३०: मूळ ए३३०-२००एफच्या नाकाखाली, पुढच्या चाकापाशी एक फुगवटा आहे. ए३३० जमिनीवर उभं असताना थोडं नाकाकडे झुकलेलं असतं, माल ढकलायला ते गैरसोयीचं, म्हणून पुढचं चाक खाली घेतलं आणि ते मावायला तो फुगवटा दिला. फुगवटा नसेल तर ते प्रवासी विमानाचं केलेलं. मूळची फक्त ३८ बनली, त्यामुळे दिसलेलं ए३३० फ्रेटर रूपांतरित असण्याचीच शक्यता जास्त.

७५७: मूळ मालवाहूला पुढे डावीकडे नेहमीचं प्रवासी दार नसतं, क्रूपुरतं छोटं दार असतं. रूपांतरितला जुनं दार राहतं.

७६७, ७३७, ए३२१: खिडक्यांच्या जागी बसवलेल्या पट्ट्या शोधा. तिरक्या उन्हात त्या रांगेत चमकतात, रंग कितीही नीट मारलेला असो. मूळ ७६७-३००एफचं अंग मात्र सपाट. ए३२१ आणि ७३७-८०० फ्रेटर तर रूपांतरितच असणार, ते कारखान्यातून तसे निघतच नाहीत, त्यामुळे "इंडिगोने नवीन कार्गो विमान घेतलं" या वाक्यातलं नवीन हे इंडिगोसाठी नवीन एवढंच.

तपासा: शीटमध्ये "मूळ फ्रेटर" की "रूपांतरित" हे आत्ताच लिहिलंत का? पुढे पायरी ५मध्ये याच्याशी ताळा घालायचाय.

३. नोंदणी क्रमांकावरून एमएसएनपर्यंत

अख्ख्या लेखातली कळीची पायरी हीच. नोंदणी क्रमांक ही गाडीची नंबरप्लेट आणि एमएसएन म्हणजे कंपनीने दिलेला अनुक्रमांक हा चासी नंबर. प्लेट बदलते, चासी नंबर जन्मभर तोच. पण लोक कुंडली काढतात प्लेटवरून. अमेरिकेचा एन-नंबर तर एका विमानाचा सुटला की दुसऱ्याला देता येतो, तेव्हा नुसता तो टाकून सर्च केलंत की एखाद्या छोट्या सेस्नाचा इतिहास तुमच्या ७६७ला चिकटू शकतो.

आधी क्रमांक नीट वाचा. भारताचे व्हीटीनंतर तीन अक्षरं, आकडे नाहीतच, म्हणजे ८ की बी असा प्रश्न पडला तर तो बी. अमेरिकेचे एनने सुरू होतात, पुढे आकडे, आणि अक्षरं असलीच तर शेवटी, जास्तीत जास्त दोन. त्यात आय आणि ओ ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. एवढं माहीत असलं तरी धूसर फोटोतले बरेच नंबर सुटतात.

मग तो क्रमांक त्या देशाच्या रजिस्टरवर टाका आणि अनुक्रमांक उचला. तो शीटच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात. इथून पुढे प्रत्येक सर्च एमएसएनवर.

बोइंगच्या विमानांना एमएसएनशिवाय एक लाइन नंबरही असतो, म्हणजे त्या मॉडेलचं कितवं विमान. ३१ जानेवारी २०२३ला ॲटलस एअरला दिलेलं शेवटचं ७४७, एन८६३जीटी, त्याचा एमएसएन ६७१५० आणि लाइन नंबर १५७४. म्हणजे १५७४वं ७४७. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा, एमएसएनच्या जागी लाइन नंबर टाकून शोधलंत तर काहीतरी भलतंच निघतं.

ट्रॅकरवर दिसणारा सहा अक्षरांचा हेक्स कोड हा तिसरा नंबर, आणि त्याच्याबद्दल तर भारी गैरसमज आहे की तो विमानाचा कायमचा असतो. नाही. तो देश देतो. भारताचे ८०पासून ८३पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होतात, ब्रिटनचे ४०पासून ४३पर्यंत, अमेरिकेचे 'ए'ने. देश बदलला की कोड बदलतो आणि ट्रॅकरवर तेच विमान नवं कोरं म्हणून जन्म घेतं.

सावधान: विक्रीच्या मधल्या काळात विमान आठ-पंधरा दिवस किंवा दोन-चार महिने भलत्याच देशाच्या नंबरावर असतं. सॅन मरिनोचा टी७, ग्वेर्नसीचा २ आकड्याने सुरू होणारा, अरुबाचा पी४. पांढरं फटक विमान, ना नाव ना पट्टा. याचा अर्थ सॅन मरिनोच्या कुठल्या कंपनीने ते घेतलं असा होत नाही. शीटमध्ये "मधला नंबर" असं लिहा आणि पुढे चला.

देशाचंच नाव बदललं म्हणूनही क्रमांक बदलतो. आन्तोनोव्ह २२५, मे २०१६मध्ये हैदराबादला उतरलेलं ते प्रचंड विमान, १९८८च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालं, सोव्हिएत काळात सीसीसीपी-८२०६० होतं, सोव्हिएत संघ गेल्यावर यूआर-८२०६०. विमान एकच. उडालेलं असं एकच होतं म्हणून कोणी चुकत नाही, पण त्याच देशाच्या बाकी आन्तोनोव्हांच्या बाबतीत एकाची दोन केलेली मी बघितलीयत.

४. जन्माच्या नोंदी

इथे तीन तारखा असतात: पहिलं उड्डाण, ग्राहकाला दिल्याची तारीख, आणि रजिस्टरवर चढल्याची तारीख. तिन्ही वेगळ्या असू शकतात, कधी काही आठवडे, कधी काही महिने. वय मोजताना एकच पद्धत धरा. मी पहिल्या उड्डाणापासून मोजते, तुम्ही डिलिव्हरीपासून मोजलंत तरी चालेल, पण एका विमानाला ही आणि दुसऱ्याला ती असं नको.

अमेरिकन रजिस्टरवरच्या आणि रिपोर्टमधल्या तारखा महिना आधी, दिवस नंतर अशा असतात. ०४/०७/१९९४ म्हणजे ७ एप्रिल, ४ जुलै नव्हे. फेडेक्सच्या फ्लाइट ७०५वर अपहरणाचा प्रयत्न झाला ती ही तारीख. तारीख शीटमध्ये टाकताना महिना अक्षरात लिहायचा, म्हणजे वाद संपला.

बोइंगच्या जुन्या मॉडेलांत एक फार कामाची खूण आहे, ग्राहक कोड. ७४७-४२८ यातले ४ म्हणजे ४०० सीरिज आणि २८ म्हणजे एअर फ्रान्स. ३७ एअर इंडिया, ३६ ब्रिटिश एअरवेज, ए८ इंडियन एअरलाइन्स. ज्याच्यासाठी विमान बांधलं त्याचा हा कोड, आणि नंतर दहा ठिकाणी विकलं तरी तो पुसत नाहीत. म्हणजे डीएचएलच्या रंगातलं ७५७-२३६ दिसलं की ते मूळचं ब्रिटिश एअरवेजसाठी बांधलेलं, शोधाशोध न करता कळलं. डीएचएलने अशी ३४ विमानं घेतली होती. ७८७ किंवा ७३७ मॅक्सला ही पद्धत नाही, आणि एअरबसचं नामकरण वेगळंच, तिथे शेवटचे दोन आकडे इंजिनाबद्दल सांगतात.

तपासा: ग्राहक कोड आणि तुमच्या यादीतली पहिली कंपनी जुळतात का? नाही जुळत तर एकतर ऑर्डर बदलली किंवा तुम्ही चुकीच्या एमएसएनवर आहात. बहुतेक वेळा दुसरं.

५. रूपांतर: कधी, कुठे, कोणी

मॉडेलच्या नावामागची शेपटी बघा. बीसीएफ म्हणजे बोइंगने स्वतःच्या देखरेखीखाली केलेलं. बीडीएसएफ म्हणजे इस्रायलच्या आयएआयच्या बेडेक विभागाने. पीसीएफ म्हणजे प्रिसिजन कन्व्हर्जन्स, ७५७वाले. पी२एफ म्हटलं की बहुतेक जर्मनीतल्या ड्रेस्डेनची ईएफडब्ल्यू, एअरबसवाली. नुसतं एसएफ असेल तर थांबा, ते बरेच जण वापरतात, कोणी केलं ते वेगळं शोधावं लागेल.

काम साधारण तीन-चार महिन्यांचं. सीटा, स्वयंपाकघरं, संडास बाहेर. अंगाचा मोठा तुकडा कापून तिथे दार आणि त्याच्याभोवती जाड चौकट. प्रवाशांसाठीची जमीन मालाचं वजन झेलत नाही म्हणून खालच्या आडव्या तुळया बदलतात किंवा मजबूत करतात, वर रोलर आणि लॉक. कॉकपिटच्या मागे एक भिंत किंवा जाडजूड जाळं, माल पुढे सुटला तर पायलटवर येऊ नये म्हणून. खिडक्या बंद. या सगळ्याला मान्यतेचा वेगळा कागद असतो, एसटीसी.

शीटमध्ये दोन तारखा लिहा, विमान कामाला आत गेलं ती आणि बाहेर पडलं ती. सापडणारी तारीख बहुतेक दुसरीच असते.

नेहमीची चूक: रूपांतराचं वर्ष हेच बनावटीचं वर्ष म्हणून लिहिणं. बातमीत असतं "कंपनीच्या ताफ्यात २०२३मध्ये दाखल", वाचणारा समजतो २०२३चं विमान. वीस वर्षांचा फरक पडतो.

दुसरी चूक याच्या उलट: नाव बदललं म्हणजे नवीन विमान. फेडेक्सची डीसी-१० नंतर एमडी-१० झाली, कारण कॉकपिट बदललं, तीन माणसांचं दोनवर आलं. अंग तेच, एमएसएन तोच. अपहरणाच्या प्रयत्नातून वाचलेलं ते विमान, एन३०६एफई, असंच डीसी-१०चं एमडी-१० झालेलं. दोन यादींत दोन नावांनी सापडेल, एकच आहे.

६. रंग कोणाचा, चालवतो कोण, मालक कोण

तीन वेगळे रकाने. एकात कोंबू नका.

अमेझॉनच्या रंगातलं विमान अमेझॉन उडवत नाही. भारतात जानेवारी २०२३मध्ये त्यांनी सेवा सुरू केली ती बंगळुरूच्या क्विकजेटच्या परवान्यावर, अमेरिकेत त्याच रंगाची विमानं वेगवेगळ्या कंपन्या उडवतात. डीएचएलचं पिवळं विमान दिसलं तर ते जर्मनीतल्या लायपझिगच्या कंपनीचं असेल, ब्रिटनच्या असेल, किंवा भलत्याच कोणाकडून भाड्याने. भाड्याचेही प्रकार आहेत. ड्राय लीज म्हणजे नुसतं विमान, आणि एसीएमआय म्हणजे विमान, क्रू, देखभाल आणि विमा सगळं आयतं, भाडेकरूने फक्त माल, इंधन आणि विमानतळाचं भाडं बघायचं. चालवणारी कंपनी ओळखायची सोपी रीत म्हणजे ट्रॅकरवरचा कॉलसाइन, तीन अक्षरी कोड. बीडीए असेल तर ब्लू डार्ट, बीसीएस असेल तर लायपझिगवाले. कधी कधी दुसऱ्याच्या कॉलसाइनवरही उडतात, म्हणून एका दिवसावरून ठरवू नका, आठवडाभराचं बघा.

मालकाच्या रकान्यात अमेरिकन रजिस्टरवर "बँक ऑफ युटा ट्रस्टी" असं दिसलं की लोक खूश होऊन लिहितात, बँकेचं विमान! बँक फक्त कागदावरची विश्वस्त आहे. परदेशी मालकाला अमेरिकेत विमान नोंदवायचं तर असा ट्रस्ट करतात. खरा लाभार्थी मागे कोणी लीझिंगवाला (विमानं भाड्याने देणारा) असतो, आणि तो नेहमीच कळेल असं नाही. तिथे "ट्रस्टमार्फत" एवढंच लिहा.

तपासा: फोटोच्या तारखेला रंग, कॉलसाइन आणि रजिस्टर, तिन्ही काय म्हणत होते? रंग बऱ्याचदा मागे राहतो. विकलेलं विमान जुन्याच पट्ट्यात महिनोन्‌महिने उडतं, रंगकामाला वेळ आणि पैसा लागतो आणि मालाला बाहेरून काय दिसतं याचं काही पडलेलं नसतं.

७. रोजचं काम वाचणं

आयुष्य दोन मापांत मोजतात, तास आणि सायकल. एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक सायकल. वर गेल्यावर आत हवेचा दाब भरतो, खाली आल्यावर उतरतो, अंगाचा पत्रा दर वेळी फुगतो-आकसतो, म्हणून पत्र्याचं वय सायकलवर. दिल्ली-मुंबई-बंगळुरू अशा उड्या मारणारं ७५७ आणि हाँगकाँग-अँकरेज-शिकागो करणारं ७४७, दोघांचे तास सारखे भरले तरी ७५७च्या सायकली कितीतरी पट जास्त. नुसतं "वीस वर्षं जुनं" म्हणून काही सांगितल्यासारखं होत नाही.

कुरिअरची विमानं रात्री उडतात. संध्याकाळी शहरात गोळा झालेली पार्सलं रात्री इकडून तिकडे आणि सकाळी वाटपाला, ब्लू डार्टचं हेच, अमेरिकेत मेम्फिसला फेडेक्सचं आणि लुईव्हिलला यूपीएसचं तेच मोठ्या प्रमाणावर, मध्यरात्री सगळी विमानं एका ठिकाणी, पार्सलं वेगळी करायची आणि पहाटेच्या आत परत रवाना. त्यामुळे दुपारी तुम्हाला ते ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, झोपलेलं दिसतं. दुपारी दोन वाजता विमानतळावरून जाताना बघून "दोन दिवस झाले हललं नाही, बंद पडलं वाटतं" असं लिहू नका, रात्री बाराला ट्रॅकर उघडून बघा.

लांब पल्ल्याच्या फ्रेटरचा थांबा बघून फसू नका. अँकरेजला उतरलं म्हणजे अलास्कात माल उतरवला असं नव्हे. पूर्ण माल भरला तर इंधन कमी घ्यावं लागतं, मधे एकदा भरून घेतात, क्रू बदलतात आणि तोच माल घेऊन पुढे. पैसे मालाचे मिळतात, इंधन वाहून न्यायचे नाहीत.

सावधान: ट्रॅकरवर मोजलेली उड्डाणं म्हणजे विमानाच्या सायकली नव्हेत. रिसीव्हर नसलेल्या भागात उड्डाण निसटतं, एका उड्डाणाचे दोन तुकडे होतात. फुकट खात्यात जुना डेटाही थोड्याच दिवसांचा दिसतो. लिहायचंच तर "ट्रॅकरवर दिसलेली" असं लिहा. खरे आकडे देखभालीच्या कागदात, किंवा दुर्दैवाने चौकशी अहवालात.

अपघाताचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. अपघात झाला की वय पहिलं पुढे येतं. २९ एप्रिल २०१३ला अफगाणिस्तानातल्या बगरामहून उडताच पडलेलं नॅशनल एअरलाइन्सचं एन९४९सीए, ७४७-४२८बीसीएफ. कोडवरून लगेच कळतं, एअर फ्रान्सचं, तिथे ते एफ-जीआयएसई होतं. वीस वर्षांचं, रूपांतरित. म्हणून पडलं का? नाही. आत पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या, निदान एक सुटून मागे सरकली, हायड्रॉलिकच्या लाइन आणि शेपटीच्या आडव्या पंखाची यंत्रणा मोडली. माल नीट बांधलेला नव्हता. उलट ३ सप्टेंबर २०१०ला दुबईजवळ पडलेलं यूपीएसचं एन५७१यूपी जेमतेम तीन वर्षांचं, मूळचं फ्रेटर, आणि आग लागली ती लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालात. कुंडलीत कारण लिहायचं तर अहवालातलं, नाहीतर रकाना मोकळा.

८. उभं आहे, निवृत्त आहे की मोडलंय

या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक तिन्हींना "स्क्रॅप" म्हणतात.

उभं: अमेरिकेतली व्हिक्टरव्हिल, मराना, रॉसवेल, स्पेनमधलं तेरुएल असल्या कोरड्या हवेच्या ठिकाणी, इंजिनांची तोंडं झाकून. परत येऊ शकतं, येतंही. निवृत्त: कंपनीने ताफ्यातून काढलं, जसं फेडेक्सने २०२२च्या शेवटी एमडी-१० काढली. मोडलेलं: सुटे भाग काढून घेतले आणि सांगाडा कापला.

सिग्नल बंद झाला हा मोडल्याचा पुरावा नाही. रजिस्टरवरून नाव काढलं हाही नाही, निर्यात झाली की तसंही काढतात. एफएएच्या नोंदीत कुठल्या देशात गेलं ते बहुतेक लिहिलेलं असतं, तेवढं बघा. मोडल्याचा पुरावा म्हणजे तारखेसह कापलेल्या अंगाचा फोटो किंवा स्पष्ट नोंद. आणि इंजिनांवरून काही ठरवू नका, ती काढून दुसऱ्या विमानाला लागतात, त्यांचे स्वतःचे वेगळे नंबर आणि वेगळं आयुष्य असतं. इंजिनं नसलेलं विमान म्हणजे मेलेलं विमान असं नाही.

९. आता लिहून काढा: एक खरं उदाहरण

व्हीटी-ईएचएच घेऊ. एअर इंडियाचं, कोलकात्याला कोपऱ्यात पडून राहिलेलं ७३७-२००. नोव्हेंबर २०२५मध्ये बातमी आली तेव्हा बहुतेकांनी "हरवलेलं विमान सापडलं" एवढंच वाचलं. शीटमध्ये ते असं बसतं:

- १९८२: इंडियन एअरलाइन्सला, प्रवासी विमान म्हणून. मॉडेल ७३७-२ए८, कोड ए८, पहिल्या कंपनीशी जुळतो. ताळा बसला.
- १९९८: अलायन्स एअरकडे, भाड्याने. क्रमांक तोच.
- २००७: इंडियन एअरलाइन्सकडे परत, आता मालवाहू म्हणून. म्हणजे रूपांतरित, मूळ फ्रेटर नाही.
- त्यानंतर: विलीनीकरणामुळे एअर इंडियाचं, रंग मात्र इंडिया पोस्टचा. पायरी ६चे रकाने इथे उपयोगी पडतात, टपाल खात्याचं विमान असं लिहिलंत तर चूक.
- २०१२: कोलकात्याला उभं. इथे "स्क्रॅप" लिहिणारे तेरा वर्षं चुकीचे होते.
- नोव्हेंबर २०२५: रस्त्याने बंगळुरूला, देखभाल इंजिनिअरांच्या प्रशिक्षणासाठी.

बघा, क्रमांक आयुष्यभर एकच आणि तरी कंपन्या, काम, रंग सगळं बदललं. नुसता क्रमांक बघणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. आणि २०१२पूर्वीच्या असल्या जुन्या विमानांचं काम ट्रॅकरवर शोधण्यात वेळ घालवू नका, तिथे फोटोंच्या तारखा आणि त्या काळातली वेळापत्रकंच कामाला येतात.

दोन ओळींमध्ये मोठी फट दिसली तर ती फट म्हणूनच ठेवा, "बहुधा याच काळात" असं काही भरू नका, कारण पुढचा माणूस तुमचं बहुधा खोडून तेच पक्कं म्हणून उचलतो. शेवटच्या ओळीत कायम "शेवटचं पाहिलं" आणि तारीख. सध्याची स्थिती असं लिहिलंत तर ते सहा महिन्यांनी खोटं ठरतं.